वर म्हणजे चालू की बंद?

सोम. ४ जाने. ८८
नव्या मशीनवर पुन्हा माल जळाला. नवं कसलं, परदेशातून जुनंच आणलेलं, प्लॅस्टिकचे पाइप काढायचं. आमच्या ऑपरेटरने, कैलासने, हीटर बंद करायला दांडी वर केली. या मशीनवर वर म्हणजे चालू! उष्णतेचा काटा चढतच गेला. म्हणतो, "साहेब, मी तर बंदच करेल होतं." सेठ भडकले, शनिवारी काढा म्हणे त्याला. अमळनेरकडचा पोरगा, आत्ताच कुठे बायकोला नरोलीच्या खोलीवर आणलंय. देखभाल माझ्याकडे, म्हणून माझाही उद्धार झाला.

मंगळ. ५
सापडलं!! घरी आलो, लाइट लावायला हात गेला आणि बटण खाली दाबलं. न बघता. आपल्याकडे घरोघरी खाली म्हणजे चालू. मशीन बनवणाऱ्या त्या परदेशी लोकांकडे उलटं असणार! कैलासचा हात सवयीने गेला, त्यात त्याचं काय चुकलं? लगेच पुठ्ठा कापायला बसलो. सुषमा म्हणाली, या वयात पतंग?

बुध. ६
खोकं झकास झालं. पुढे लाकडी दांडी, शेजारी तारेचा काटा. आमच्या टोकरखाड्यात कॉलनीभर दारोदार हिंडलो, लोकांना वाटलं काहीतरी विकायला आलोय. "मशीन चालू करा" म्हटलं की सगळे दांडी खाली. मग शेजारच्या मास्तरीणबाईंना सहज म्हटलं, आता काटा वर न्या. तर बाईंनी तीच दांडी वर ढकलली! पुढच्या घरीही तेच. हे काय नवीनच... झोप कसली येतेय आता.

गुरु. ७
सेठपुढे खोकं ठेवलं. चालू करा म्हटलं, त्यांनीही खालीच दाबलं. मशीनवर काय आहे ते दाखवलं तर हसायला लागले. "आ तो ऊंधुं छे!" उलटंच आहे म्हणे. स्विच उलटा बसवायची परवानगी मिळाली. शनिवारी रिकामं मशीन चालवून दाखवायचं, मग कैलासचं बघू. काट्याचं बोललो नाही. आधी हे तर होऊ दे.

शनि. ९
कैलासने दांडी खाली केली, हीटर चालू. एकदम बरोबर! मला टाळी द्यावीशी वाटली. काटा चढायला लागला तसे सेठ मागून म्हणाले, "काटा उतार." कैलासने दांडी खाली दाबली. ती आधीच खाली होती. तो दाबतोय आणि काटा चढतोय. मी धावलो बंद करायला, आणि मीही खालीच दाबली.

शेवटी सेठनीच पुढे होऊन दांडी वर केली. मग म्हणाले, सोमवारी बोलू, दोघांचंही. कैलास जाताना म्हणाला, "साहेब, काटा उतरवाले हात वर कसा जाईन?"

घरी येताना सुचलं. दांडीच नको! गोल बटण लावू, रेडिओसारखं. उजवीकडे फिरवलं की आवाज वाढतो, तसा काटाही चढेल. लहान पोरालाही कळतं! सुषमाला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "आणि नळ?"

उठून नळ सोडून बघितला. डावीकडे फिरवला की पाणी वाढतं.

उद्या रविवार. सगळे घरी असतील. खोकं घेऊन पुन्हा निघतो.