प्लॉटवाल्याची कविता

५ जानेवारी, रविवार
छापून आलं! मधुसूदन वैरागडे यांच्या ‘चांदणओल्या पापण्या’ या कवितासंग्रहावरचं माझं परीक्षण, माझ्या रविवारच्या सदरात. गृहस्थ इथं नागपुरात मिहानजवळ ले-आऊट टाकून प्लॉट विकतात. शेवटचं वाक्य लिहिलं – ‘कवीनं प्लॉट पाडावेत, कविता पाडू नयेत.’ सकाळपासून स्वतःवरच खूश आहे.

६ जानेवारी
रविंद्रनं केबिनमध्ये बोलावलं. पहिल्या पानावरची जाहिरात वैरागड्यांची असते, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. कवितेपेक्षा जाहिरात बरी लिहितात, म्हटलं. तो हसला नाही. संपादक झाल्यापासून हसणं बंदच आहे त्याचं.

९ जानेवारी
वैरागडे स्वतः ऑफिसात! हातात संत्रा बर्फीचा डबा. मी भांडणाच्या तयारीत. पण त्यांनी समोर बसून स्वतःचंच पुस्तक काढलं, पानं दुमडलेली.

“माये सत्कार खूप झाले मॅडम. पुस्तक वाचलं ते तुमीच. आता काहून वाईट आहे, ते सांगा.”

अशा माणसाचं काय करायचं? सांगितलं. एकेक कविता घेऊन. पापण्या, चंद्र, प्राजक्त, सगळं उसनं आहे म्हटलं. तुम्ही रोज बघता काय? जमीन, म्हणाले. मग तिच्यावर लिहा. पुस्तक मिटलं, नमस्कार करून गेले. बर्फी डेस्कवरच्या पोरांनी फस्त केली. मला एक तुकडा.

१३ जानेवारी
रविंद्रची ऑफर. वैरागड्यांवर पुन्हा लिही, चार चांगले शब्द घाल. नाहीतर सदर बंद. वैरागडे काही बोलले का, मी विचारलं.
“नाही. पण बोलेपर्यंत वाट पाहायची का, प्रियदर्शनी?”
माझं अख्खं करिअर त्या सदरात गेलं. लेखकांनी शिव्या दिल्या, पण खोटं लिहिलं असं कुणी म्हणालं नाही. नाही म्हणून आले.

१४ जानेवारी
आई म्हणे, “एक चांगला शब्द लिहिला असता त हात झडले असते का वं?”

१९ जानेवारी, रविवार
सदर नाही. त्या जागी राशिभविष्य वाढवलंय. माझ्या राशीला – ‘शब्द जपून वापरा.’ आता सांगता!

२४ जानेवारी
वैरागड्यांची कविता आली व्हॉट्सअ‍ॅपवर. सदर बंद झाल्याचं त्यांना ठाऊकही नाही.

विहीर बुजवली,
वरून प्लॉट पाडला.
गिऱ्हाईक विचारते, पाणी आहे का?
मी म्हणतो, होतं.

पुन्हा पुन्हा वाचली. खोट काढायचा खूप प्रयत्न केला. चांगली आहे. मेली चांगलीच आहे!
आता ही चांगली आहे असं लिहून दिलं, तर रविंद्र आनंदानं सदर परत देईल, आणि सारं नागपूर म्हणेल – बाई विकली गेली.
लिहायला बसले.