जातो गं

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. मायना लिहिताना हात सवयीने 'सौ.'कडे गेला, म्हणून हा दुसरा कागद घेतला. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. आपल्याकडे फोन कायम स्पीकरवर, आणि आईचे पाय गेले तरी कान शाबूत आहेत.

मी बरी आहे. सायबर सुरक्षेचं हे दुसरं वर्ष डोकं खातंय. प्रयोगशाळेला खिडकी नाही, एसी मात्र असा की स्वेटर घालून बसावं लागतं. माझ्या प्रबंधाचा विषय तुला माहीतच आहे, संगणकाने बनवलेला खोटा आवाज ओळखायचा. ओळखायचा तर आधी बनवता यायला हवा. दादा म्हणायचा, पोलीस व्हायला निघाली आणि चोरी शिकून बसली. तेव्हापासून मी त्याची चोरटी.

डॉक्टर म्हणाले, आईला धक्का नको, म्हणून आपण तिच्यापुरतं दादाला दूरच्या कामावर पाठवून दिलं. मग त्याचा फोन का येत नाही म्हणून तिने जेवण टाकलं आणि तू मला म्हणालीस, तुझी विद्या कधी उपयोगी पडणार? त्याच्या जुन्या व्हॉइस मेसेजमधून मी त्याचा आवाज तयार केला. "आई, बरा आहे गं. इथे रेंज नाही. औषधं घे. येतो." माझ्याच प्रोग्रामला ऐकवला, तर त्याने तो खरा ठरवला. सरांना अजून सांगितलेलं नाही.

आई पोटभर जेवली, असं तू कळवलंस आणि आणखी निरोप मागितलेस. मी कामाची सबब सांगत राहिले. खरं सांगते, ते मी बनवणार नाही.

तू बाजारात गेली होतीस तेव्हा आईने शेजारच्या काकूंकडून मला फोन लावून घेतला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आवाज छान जमलाय गं. पण तो कधी 'येतो' म्हणाला होता का?"

आठवतंय ना? तो दारातून मुद्दाम ओरडायचा, "जातो गं!" आणि आई आतून रागवायची, जातो नाही, येतो म्हणावं. तिने कितीही टोकलं तरी तो बधला नाही. मी मात्र अपशकुन नको म्हणून 'येतो' लिहिलं. गेलेल्या माणसाच्या तोंडी.

तिला कधी कळलं, असं मी विचारलं. "तुझी वहिनी आधी त्याच्या तक्रारी सांगायची. आता एकही नाही. जिवंत नवऱ्याबद्दल इतकं चांगलं कोण बोलतं?" हे तुला कळू द्यायचं नाही, असं तिने मला बजावलं. तू तिच्यासाठी सावरून राहिली आहेस, तिला कळलंय हे समजलं तर कोसळशील, म्हणून ती जेवते. आणि म्हणाली, तो निरोप तू स्वयंपाकघरात नळ सोडून ऐकत बसतेस.

वहिनी, तुला नावं ठेवत नाही. मीही ऐकायची, हेडफोन लावून, प्रबंधाचं काम म्हणून. परवा त्याचा खरा 'जातो गं' आठवायला गेले, तर कानात तो गुळगुळीत 'येतो'च आला. दोनदा प्रयत्न केला. आला नाही. मी तिथेच स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडले. माणूस गेला तो गेला, आता हातात राहिलेला त्याचा एवढासा वात्रटपणाही मी माझ्या हाताने पुसतेय.

म्हणून माझ्याकडची फाइल काढून टाकली. तुझ्याकडची तू काढ. मग नळ बंद कर आणि आईच्या पलंगावर जाऊन बस. तिच्यापाशी त्याची तक्रार कर, ओला टॉवेल, उघडं कपाट, काय आठवेल ती. ती समजेल.

शनिवारी निघताना इथल्या खोलीला 'जाते' म्हणेन. तुमच्याकडे येते.

तुमची दोघींची,
चोरटी