पाटी पाहुण्यांबरोबर गेली

तीर्थरूप मामांस,

तुमच्या पायावर डोके ठेवून पत्राला सुरुवात करावी, तर त्या पायाला प्लास्टर आहे. म्हणून चांगल्या पायावर ठेवतो आणि दुसऱ्याची चौकशी करतो. खाज येते का? मावशीचा निरोप आला की तुम्ही प्लास्टरच्या आत तिची विणकामाची सुई घालून खाजवता. असे करू नये, मामा. (सुई आत राहिली तर डॉक्टर प्लास्टर फोडून नवे घालतील आणि मावशीचा अर्धा स्वेटर तसाच राहील.) मावशीला नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो, कारण ‘सर्व’ हा शब्द जरा मोठा झाला. दुकान ठीक आहे. काचेचा कटर तुमच्या खुंटीवर आहे. शिडी मी भिंतीशी आडवी ठेवली आहे. तुम्ही पडल्यापासून ती उभी बघवत नाही. पण एक गोष्ट घडली आहे. ती दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून लिहितो.

मावशीकडे जाताना तुम्ही सांगितलेली पाटी मी केली. उशिरा केली, पण केली. मजकूर तुमचाच: ‘दुकान विकणे आहे. आत चौकशी करावी.’ शुद्धलेखन पुन्हा पुन्हा तपासले. पाटीच्या चौकटीला नवी पट्टी कापू नकोस, उरलेल्या पट्ट्यांत बसव, असे तुमचेच सांगणे होते. आणि उरलेल्या पट्ट्या म्हणजे विद्यापीठातल्या बिझनेस स्कूलच्या आभारपत्रांच्या, सोनेरी कडेच्या. मापही तेच आले. शिवाय दुकानातली कोणतीही चौकट खाकी कागदात बांधल्याशिवाय ठेवायची नाही आणि कागदावर काही लिहायचे नाही, हा तुमचा नियम. (लिहिले की गिऱ्हाईक आत बघत नाही आणि घरी जाऊन भांडायला परत येते, हे तुमचे म्हणणे मला पटलेलेच आहे.) म्हणून पाटीही बांधून ठेवली. आता पुढचे तुमच्या लक्षात आलेच असेल. माझ्या मात्र वेळेवर आले नाही.

तुम्ही आभारपत्राची चौकट विद्यापीठाच्या दारात देऊन परत येता, त्यामुळे त्या जाहीर व्याख्यानांत काय चालते हे तुम्हांला ठाऊक नाही. मी थांबतो. (पाहुण्यांच्या नावात चूक निघाली तर तिथल्या तिथे निस्तरायला माणूस हवा. अजून निघालेली नाही, पण म्हणून निघणारच नाही असे नाही.) बाहेर ‘प्रवेश सर्वांना खुला’ असे लिहिलेले असते, तरी रस्त्यावरचे कोणी आत येत नाही. पुढे प्राध्यापक बसतात, मध्ये निवृत्त गृहस्थ, आणि मागे हजेरीसाठी आलेले विद्यार्थी. शेवटच्या रांगेत दाराजवळ मी, मांडीवर पुडके. सूत्रसंचालन एक सर करतात. ते दर वेळी ‘मला तीनच मुद्दे मांडायचे आहेत’ म्हणतात आणि दुसऱ्यातच अडकतात, म्हणून विद्यार्थी त्यांना तीन-मुद्दे सर म्हणतात. तिसरा मुद्दा अजून कोणी ऐकलेला नाही.

मला ही व्याख्याने आवडतात, मामा. सगळे कळते असे नाही. अकरावीत शिक्षण सुटलेल्या माणसाला जेवढे कळायचे तेवढे कळते. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिथे बोलणाऱ्याचे दुकान बोलता बोलता मोठे होत जाते. सुरुवातीला एक टेबल असते, पाणी पिईपर्यंत कारखाना होतो. आपले उलट. मला कोणी विचारले की तू काय करतोस, तर मी म्हणतो, ‘काही नाही, मामांना जरा मदत.’ म्हणजे तोंड उघडताच दुकान जाते आणि नुसते मामा उरतात.

तर या खेपेच्या पाहुण्या होत्या बिजागऱ्यांचा कारखाना असलेल्या एक बाई. विषय होता ‘व्यवसाय पुढच्या पिढीच्या हाती देताना’. बाई छान बोलल्या. दार आणि चौकट दोन्ही मजबूत असून भागत नाही, मधली वस्तू गंजली की सगळे करकरते, असे म्हणाल्या. (मला ते चौकटीमुळे जास्त पटले.) शेवटी आभारपत्र. तिथली पद्धत अशी, की पाहुण्यांनी पुडके व्यासपीठावरच सोडायचे, चौकट सभागृहाकडे वळवायची आणि फोटो होईपर्यंत हसायचे. बाईंनी दोरी ओढली. तुम्ही शिकवलेली गाठ ती, एका ओढीत सुटली. बाईंनी चौकट वळवली, हसल्या, फोटोवाल्याने फोटो काढला, आणि मागून एका विद्यार्थ्याने खणखणीत आवाजात वाचले, ‘दुकान विकणे आहे. आत चौकशी करावी.’

मामा, एवढे हसताना मी त्या लोकांना कधी पाहिले नव्हते. निवृत्त गृहस्थ जागे झाले. तीन-मुद्दे सरांनी माईक ओढला आणि म्हणाले, ‘ही एक केस स्टडी आहे. हिच्यात तीन मुद्दे…’ आणि पहिल्यातच अडकले. मी उभा राहिलो. पळून जावे म्हणून उठलो होतो, पण उभा राहिलेला माणूस दिसला की तिथे त्याच्या हातात माईक देतात. तो दिला.

बाईंनी पाटी स्वतःकडे वळवून वाचली. त्या हसत नव्हत्या.

‘कोणाचं दुकान?’

‘माझ्या मामांचं. चूक माझी आहे, बाई. तुमचं पुडकं दुकानात राहिलं. आत्ता आणतो.’

‘सावकाश आण. विकताय का?’

‘मामांचा पाय मोडलाय. चालवणारं कोणी नाही.’

‘मग सध्या बंद आहे?’

‘नाही, उघडं असतं.’

‘कोण उघडतं?’

‘मी.’

‘चौकटी कोण करतं?’

‘मी.’

‘आणि ही पाटी?’

‘मीच.’

‘मग चालवणारं कोणी नाही, असं म्हणतं कोण?’

या प्रश्नाचेही उत्तर तेच होते. ‘मी,’ म्हणालो. माईक शेजारच्या विद्यार्थ्याच्या हातात दिला.

मग मी धावत दुकानात आलो, आभारपत्र घेतले (कागद उघडून पाहिले, पुन्हा बांधले, पुन्हा उघडून पाहिले) आणि बाईंना गाडीत बसताना गाठले. त्यांनी ते घेतले, पण पाटी परत देईनात. म्हणाल्या, ‘ही माझ्या मुलाच्या टेबलासमोर लावते. निदान चौकशी करायला तरी आत येईल.’ आणि काच वर केली. पाहुण्यांच्या हातातून वस्तू ओढून घेणे बरे दिसले नसते.

दुकानात परत येऊन मी दिवा न लावता तुमच्या स्टुलावर बसलो. (पुसून ठेवले आहे.) तुम्ही निघालात त्या दिवसाचा विचार करत होतो. गाडीच्या खिडकीतून तुम्ही म्हणालात, ‘मला आता शिडी चढणं नाही, आणि तू…’ आणि गाडी सुटली. ते वाक्य मी तेव्हापासून पूर्ण करतो आहे. ‘आणि तू एकटा आहेस.’ ‘आणि तू अजून कच्चा आहेस.’ ‘आणि तू तुझं बघ.’ जे पूर्ण केले ते सगळे दुकान विकण्याकडेच जाते, म्हणून मी निमूटपणे पाटी केली. बाईंनी विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आले नाही, की वाक्य तुमचे असले तरी त्याचा शेवट मी करत होतो.

बाकी विशेष काही नाही. पाय उंच ठेवत जा, सुई मावशीला परत द्या.

तुमचा भाचा

ता. क. पाटीची बातमी विद्यापीठातून पसरली आणि एक गृहस्थ खरोखरच चौकशीला आले. मी त्यांना आत बसवले, पाणी दिले आणि त्यांच्या आईवडिलांचा जुना फोटो मढवायचे काम घेतले. आपण काय विचारायला आलो होतो हे ते जाताना विसरले. मी आठवण करून दिली नाही.

आणखी ता. क. तुमचे म्हणणे तेच असेल तर पाटी पुन्हा करीन. फक्त त्या मापाची काच संपली आहे, म्हणून वेळ लागेल.

शेवटचे ता. क. काच आहे. कपाटामागे भरपूर आहे. तुम्हांला ठाऊकच असेल. पण मामा, आधी ते गाडीतले वाक्य पूर्ण करून पाठवा. पाटीचे त्यानंतर बघू.