अण्णांचं मानपत्र

३ सप्टें.
मंडळाच्या जोशीकाकांचा फोन. अण्णांचा सत्कार ठरला. पूरनियंत्रणात छत्तीस वर्षं सरकारी इंजिनिअर, तर मानपत्र मुलीनंच लिहावं म्हणे. हो म्हटलं. अण्णांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक, बस.

५ सप्टें.
माहिती घ्यायला मल्लेश्वरमला, अण्णांकडे. कुठले नाले रुंद केले, कुठली तळी राखली वगैरे. तुटक बोलतात. "सगळे लिहितात तसं लिही." आमच्या महादेवपुऱ्याकडचं काम विचारलं तर दूध बघायला उठले. गॅस बंद होता.

८ सप्टें.
कालपासून धो धो. आमच्या बेसमेंटमध्ये छातीइतकं पाणी. वीज नाही. वॉचमन रामप्पा वीज परत यायच्या आत मोटर बंद करायला खाली उतरला, तो अजून वर आलेला नाही.

९ सप्टें.
रामप्पा गेला. पाणी उपसल्यावर सापडला. बायको गिरिजा जिन्यात बसून आहे, रडत नाही. चहा नेला. तिनं कप घेतला आणि पायरीवर ठेवून दिला.

१० सप्टें.
अण्णा आले. फ्लॅट घेऊन सहा वर्षं झाली, पहिल्यांदाच. वास्तुशांतीलाही गुडघ्याचं निमित्त काढलं होतं. मला वाटायचं, महेश जावई म्हणून पसंत नाही. आज लिफ्ट बंद, तरी चार मजले चढले. खिडकीशी उभं राहून म्हणाले, "तळ्याचा नाला इथूनच जायचा. बिल्डरला तो अरुंद करून हवा होता."
"मग अडवलं का नाही?"
"दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा साहेबांनी बदलीचा कागद पुढं ठेवला. तुझी बारावी होती. सही केली."
"आम्ही घर घेताना तरी सांगायचं, अण्णा."
"जीभ रेटली नाही."
पाणीसुद्धा न पिता उतरले. मी थांबवलं नाही.

१२ सप्टें.
मानपत्र घेऊन बसले. चार ओळी, चारही खोडल्या. महेश म्हणतो, "एका सहीनं छत्तीस वर्षं पुसायची का?" खरं आहे. मल्लेश्वरमखालच्या वस्तीत आता घरात पाणी शिरत नाही ते अण्णांमुळेच, लोक नाव काढतात. आणि ती बदली अण्णांनी टाळली माझ्यासाठी. हे कुणाला सांगू? जोशीकाकांचा मेसेज : मसुदा पाठव, फ्रेमवाला खोळंबलाय.

१३ सप्टें.
गिरिजा गावी गेली, कलबुर्गीकडे. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "अक्का, बरतेने," म्हणाली, येते म्हणून. कशाला येईल परत.

१४ सप्टें.
सकाळी अण्णांचा फोन. गिरिजाचं गाव नेमकं कुठलं, बस कुठून सुटते. म्हटलं, रविवारी सत्कार आहे. "माहितीय. बसही रविवारचीच बघ."
"तिथं जाऊन काय बोलणार?"
मग म्हणाले, "तू येशील का बरोबर?"
स्वल्प थांबा म्हटलं, फोन ठेवला. महेश लॅपटॉप उघडून बसलाय. विचारतोय, तिकिटं किती काढू.