हशाआधीची चार वाक्यं

मी, देवयानी गुरुनाथ खांडके, वय वर्षे सत्याहत्तर, माहेर नागपूर, संसार लंडनला, हल्ली मुक्काम ॲशबर्न, राज्य व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे आणि कोणी माझ्या मानगुटीवर बसलेलं नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. कारण तिसऱ्या कलमात सांगते. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. लंडनचं घर विकून इथे घेतलेलं टाउनहाउस माझा भाचा देवदत्त आणि त्याची पत्नी रेणू या दोघांना समाईक मिळावं. माझे पती गेल्यावर "मावशी, तिथे एकटी काय करणार, इकडे ये" म्हणणारा देवदत्त एकटाच होता. बँकेत जे असेल ते त्यांच्या मुलीच्या, अदितीच्या, शिक्षणासाठी. तिने नाटक शिकायचं ठरवलं तर कोणी आडवं येऊ नये. रेणू, हे तुला उद्देशून आहे.

कलम २. मेकअपची पेटी आणि कामातल्या साड्या अदितीला. विनोदी अभिनयाची ढाल कोणालाच नाही. जड आहे, गॅरेजचं दार अडवायला उपयोगी पडेल.

ही ढाल ज्या मालिकेसाठी मिळाली तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ब्रिटिश टेलिव्हिजनवर मी बरीच वर्षं लोकांना हसवलं. ऐन तिशीत म्हाताऱ्या सासवा केल्या. पण लोक ओळखत ते मिसेस मुखर्जी म्हणून, वरच्या मजल्यावरची भाडेकरू. आडनाव बंगाली, साडी गुजराती, आणि भाषेच्या जागी स्क्रिप्टमध्ये फक्त एवढंच: 'इथे ती आपल्या भाषेत बडबडते.' मग मी मराठीत वाटेल ते बोलायचे. भेंडीचा भाव, नणंदेचं वागणं, दिग्दर्शकाचा टोप. स्टुडिओत बसलेले प्रेक्षक खो खो हसायचे. तो हशा मला आवडायचा, हे नाकारत नाही. कुठे थांबायचं ते मला बरोबर कळायचं.

कलम ३. हे कलम मिळकतीचं नाही, पण याच्यावाचून पुढचं समजणार नाही.

यंदा इथल्या मराठी मंडळाने दिवाळीला माझा सत्कार ठेवला. अदितीने इंटरनेटवरून त्या मालिकेचा एक जुना भाग शोधला आणि मला न सांगता शाळेच्या हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावला. पडद्यावर मी, हातात लाटणं, समोर मालिकेचा नायक डेरेक. हॉल हसायला लागला. मग पडद्यावरची मी कॅमेऱ्याकडे वळले आणि म्हणाले:

"अहो, ऐकताय ना? हा डेरेक मला एकटीला गाठून अंगाला हात लावतो. घरी सांगायला लागले की तुम्ही उठून जाता, म्हणून इथून सांगते. मला यातून सोडवा."

त्यानंतर स्टुडिओतला तो जुना हशा आला. आमच्या हॉलमध्ये मात्र कोणी हसलं नाही. मराठी कळणारे एवढे प्रेक्षक मला पहिल्यांदाच लाभले होते.

मराठी फारसं न कळणारी अदिती घाबरली. "आजी, व्हॉट हॅपन्ड? व्हाय डिड दे स्टॉप?"

ती वाक्यं मी विसरले नव्हते. माझी समजूत वेगळी होती. त्या दिवशी लाटणं उगारताच प्रेक्षक असे उसळले होते की माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तो भाग लागला त्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात दार लोटून उभी होते. बाहेर हशा झाला, त्यात गुरुनाथांचाही. थोड्या वेळाने ते आत आले आणि म्हणाले, "आज झकास जमलं हं तुला. वाढतेस ना?"

मी वाढलं. हशात शब्द बुडाले असणार, त्यांना ऐकूच गेलं नसणार, असं मी धरून चालले. पुन्हा सांगायचा धीर झाला नाही. डेरेकबरोबर आणखी एक वर्ष काम केलं, मग कंटाळून लेखकांनीच मिसेस मुखर्जीला भारतात परत पाठवलं. गुरुनाथांशी त्यानंतरही नीट संसार केला. शेवटच्या आजारपणात त्यांना भरवलं.

माइक माझ्या डोक्यावर होता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतो. मला आठवतो तो हशा शब्दांवर नाही, नंतर आहे.

घरी येताना गाडीत रेणूने हळूच विचारलं, "मावशी, काका ही सीरियल बघायचे?"

"दर गुरुवारी," मी म्हटलं. त्यावर देवदत्तने गाडी कडेला घेतली.

कलम ४. डेरेक वारला आहे. त्याच्या स्मृतिकार्यक्रमासाठी तिथल्या एका निर्मात्या बाईंनी माझ्याकडे दोन गोड शब्द मागितले आहेत. माझ्याकडून त्यांना तोच भाग मिळेल. दाखवायचा तर खाली इंग्रजी भाषांतर देऊन दाखवावा. भाषांतर मी सोबत जोडलं आहे. त्यात एक शब्दही सौम्य करू नये. हे काम अदितीने बघावं. तिला आता त्या वाक्यांचा अर्थ माहीत आहे. मीच सांगितला.

कलम ५. गुरुनाथांच्या राखून ठेवलेल्या अर्ध्या अस्थी माझ्या कपाटात तांब्याच्या कलशात आहेत. त्या माझ्या अस्थींत मिसळून एकत्र सोडाव्या, असं मी आधी लिहिलं होतं. आता तसं करू नये. देवदत्तने त्यांच्या अस्थींचं विसर्जन माझ्या हयातीतच, गुरुजींना बोलावून, यथासांग करावं. त्यात काही उणं ठेवू नये. माझ्या अस्थी वेगळ्या, जिथे सोयीचं पडेल तिथे सोडाव्या.

हे मी रागाने लिहीत नाही. राग यायला माणूस आधी सावरावा लागतो.

इथपर्यंत वाचून झाल्यावर देवदत्त म्हणाला, "मावशी, काका आता नाहीत. किती जुनी गोष्ट आहे. जाऊ दे ना."

मी त्याला म्हटलं, "त्यांच्यासाठी जुनी असेल रे. मला आत्ता कळली आहे."

त्याने पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

दोन्ही साक्षीदारांच्या देखत, वाचून, समजून सही केली.

(सही) देवयानी गुरुनाथ खांडके

साक्षीदार:
(सही) नकुल प्रधान, शेजारी
(सही) दीपा प्रधान, शेजारी

स्थळ: ॲशबर्न, व्हर्जिनिया
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५