चेंडूकडे नाही, पायांकडे

आई,

मला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय. आधी कोणाला सांगावं असा विचार केला तर तूच डोळ्यांसमोर आलीस, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झालीत की वयाने आता मीच तुझ्यापेक्षा मोठी आहे. हा खेळ तुला माहीत असायचं काही कारण नाही. नावात फुटबॉल असला तरी चेंडूला पाय क्वचितच लागतो. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, अकरा विरुद्ध अकरा माणसं, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर एवढाले पॅड. चार संधींमध्ये दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्यांना. एवढं कळलं की निम्मा खेळ कळला. उरलेला निम्मा मला तुझ्यामुळे कळला, आणि तेच तुला सांगायचंय.

बर्मिंगहॅमला आले तेव्हा बँकेच्या आयटीतल्या त्या ऑफिसात मला कोणी ओळखत नव्हतं. सोमवारी सकाळी चहाच्या किटलीपाशी सगळे वीकेंडच्या मॅचेसबद्दल बोलायचे. मी ठरवून बघायला लागले. कुठली टीम खालच्या लीगमध्ये ढकलली जाणार, मॅनेजरची नोकरी कधी जाणार, सगळं मला पाठ. कसोटी सामन्याला डब्यात पराठे घेऊन मी दिवसभर स्टँडमध्ये बसलेय, ऊन, पाऊस आणि परत ऊन बघत. रग्बीतला स्क्रम, ती दोन्ही संघांची घोळक्यातली रेटारेटी, मी मुंबईहून आलेल्या नव्या मुलांना समजावून सांगते. पीटीच्या बाईंची मुलगी आहे मी, मला खेळ कळतात, अशी माझी ऐट होती. फक्त एका खेळाची मी यथेच्छ टिंगल करायचे. क्षणभर धडकायचं आणि मग उभ्याउभ्या मीटिंग घ्यायची, याला काय खेळ म्हणायचं?

आणि नेमका तोच तुझ्या नातीला आवडला. ती पंधराची आहे. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी तिने पहिली मॅच पाहिली आणि घरी आली ती वेगळीच मुलगी होऊन. रविवारी संध्याकाळी सहा वाजता अमेरिकेत दुपारच्या मॅचेस सुरू होतात. त्या वेळी मी स्वयंपाकघरात असायची. पातोडीचा रस्सा उकळतोय, भाकरी तव्यावर, आणि फ्रंट रूममधून तिचं ओरडणं. मी इकडून ओरडायची, "आवाज कमी कर गं!" आमच्यात तेव्हा बोलणं असं उरलंच नव्हतं. शाळा कशी होती? फाइन. जेवलीस? हं. दार बंद.

एका रविवारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं मराठी तुला ऐकवायला हवं होतं. "मम्मा, तू क्रिकेट बघतो, रग्बी बघतो, स्नूकरपण बघतो. फक्त माझा गेम नाही बघत. व्हाय?" डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि तिच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसले.

खरं सांगते, पहिला अर्धा तास मला काही म्हणता काही कळलं नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हाताने सगळा डाव सुरू होतो तो, चेंडू याला देतोय असं दाखवायचा आणि स्वतःकडेच ठेवायचा. मी भलत्याच माणसामागे डोळे पळवायची. "चेंडू गेला कुठे?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू बॉल बघतो म्हणून तुला समजत नाही. एव्हरीवन बघतात बॉल. दॅट्स द ट्रिक." आणि आई, मला एकदम तुझा आवाज ऐकू आला.

नागपूरच्या तुझ्या शाळेचं मैदान. मी आठ-नऊ वर्षांची, कडेला बसलेली. तुझ्या मुलींची आंतरशालेय कबड्डी चालू आहे, समोरची उंच मुलगी चढाईला आलीय, श्वास धरून कबड्डी-कबड्डी म्हणत नाचतेय, आणि मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघतेय. तू माझ्या मागे येऊन डोक्यावर टपली मारतेस. "काय पाहून राहिली तू?" मी म्हणते, "ती चढाईवाली." "तिच्याकडं तं सारं मैदान पाहून राहिलं. त्यात तुही काय अक्कल? ते कोपऱ्यातली पोरगी पाह्य. तिची टाच उचलली का पाह्य." मी बघते. कोपऱ्यातली काळीसावळी मुलगी जागची हलत नाहीये, पण तिची उजवी टाच मातीवरून जराशी सुटलीय. पुढच्या क्षणी ती झेपावते आणि उंच मुलीचा घोटा तिच्या मुठीत असतो. मैदान ओरडत उठतं, आणि मला वाटतं की हे घडायच्या आधी फक्त आपल्या दोघींनाच माहीत होतं.

तसं तू मला घरीही पकडायचीस. शाळेतून आलीस की गळ्यातली शिट्टी न काढताच कुकर लावायचीस, आणि मी डब्यातला लाडू घेऊन पळायला लागले की ओट्यापासून खाली वाकून माझा घोटा धरायचीस. मी धपकन पडायची. "डोळे खोटं बोलतात, हात खोटं बोलतात," तू हसत म्हणायचीस, "कंबर नाही बोलत. तुही कंबर दाराकडं वळली, तवाच मले समजलं."

तर त्या रविवारी मी चेंडूचा नाद सोडला आणि समोरासमोर बसलेल्या त्या दांडग्या माणसांच्या रांगेकडे बघायला लागले. एक हात जमिनीला टेकून, वाकून बसतात ते. त्यांना कधी चेंडू मिळत नाही, कोणी त्यांच्या जर्सी विकत घेत नाही. पण पाच जण एका वेळी हलतात, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. समोरचा एक जण त्यांच्यातली फट शोधतोय, आणि ते ती बुजवताहेत, न बघता, नुसत्या अंगाच्या अंदाजाने. मी उडालेच! "अगं, ही तर साखळी आहे!" "व्हॉट्स साखळी?" मग मी तिला उभं केलं, तिचा हात धरला, फोन बघत पडलेल्या नवऱ्याला उठवून समोर उभं केलं आणि म्हटलं, आता तू चढाई कर. बिचारा तुझा जावई, ऑफिसच्या कामासाठी आठवड्यातले तीन दिवस लांब ब्रॅकनेल गावी असतो, रविवारी त्याला झोपायचं असतं. तो आला, मी वाकले, घोटा धरला, तो टेबललॅम्प घेऊन कार्पेटवर आडवा. तुझी नात हसून हसून खाली बसली. "मम्मा, अगेन! मला शिकव!" कित्येक महिन्यांनी तिने मला काहीतरी शिकव म्हटलं होतं. भाकरी त्या दिवशी झाल्याच नाहीत.

त्यानंतर आमचा एकही रविवार चुकला नाही. तिने हिरव्या जर्सीवाली एक टीम धरलीय, तीच माझी. ती नियम सांगते, मी पाय वाचते. ज्याच्या टेकलेल्या हाताच्या बोटांवर भार आहे तो सरळ पुढे घुसणार. ज्याची बोटं गवताला नुसती टेकलीत तो मागे किंवा बाजूला जाणार. मी सांगते, ती तपासते, आणि बरोबर आलं की आम्ही टाळ्या देतो. किटलीपाशी आता माझी नवी गँग आहे. ऑफिसातला एक गृहस्थ लहानपणापासून हा खेळ बघतोय हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, कारण मी टिंगल करायचे म्हणून तो माझ्यासमोर बोलायचाच नाही.

अमेरिकेच्या काही मॅचेस लंडनला होतात. यंदाच्या शरदात आम्ही दोघी गेलो. आई गं, ते दृश्य! सकाळच्या ट्रेनमध्येच जर्सी दिसायला लागल्या, आणि खेळणाऱ्या दोन टीमच्याच नाहीत, सगळ्या टीमच्या. निळ्या, जांभळ्या, नारिंगी, आमची हिरवी. इंग्लिश फुटबॉलच्या मॅचला दोन्हीकडचे लोक वेगवेगळे बसवतात, मध्ये पोलीस. इथे सगळे मांडीला मांडी लावून, एकमेकांना चिप्स देत. माझ्या शेजारी एक इंग्लिश आजोबा होते. "फर्स्ट वन, लव्ह?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं तर म्हणाले, "मग आज तुमचा आवाज बसणार." आमच्या जागा कोपऱ्यात, पण खाली होत्या. माणसं धडकली की तो आवाज छातीत जाणवत होता.

शेवटच्या टप्प्यात आमच्याच कोपऱ्यासमोर यजमान टीमची चौथी संधी आली. एकच यार्ड हवा होता. किक मारून थोडे गुण घ्यायचे, की जिवावर उदार होऊन घुसायचं? ते घुसायला उभे राहिले. यजमान टीमचा डाव असेल तेव्हा तिचेच लोक गप्प बसतात, खेळाडूंना हाक ऐकू यावी म्हणून. हजारो माणसं अशी चिडीचूप. मी चेंडूकडे बघितलंच नाही. उजवीकडून दुसरा माणूस, बोटं गवताला नुसती टेकलेली, टाच हलकी. मी तुझ्या नातीचा हात दाबला. "तो सरळ जात नाही. तो डावीकडे वळणार." "मम्मा, नो, एक यार्डला कोण..." आणि तो वळला! सगळ्यांच्या मागून डावीकडे धावत गेला, समोरच्याला बाजूला सारलं, त्याच्या पाठीशी चेंडूवाला, आणि पुढे मोकळं मैदान. हव्या असलेल्या यार्डाची रेषा ओलांडून चेंडूवाला कितीतरी पुढे गेला. मी खुर्चीवर उभी होते. आजोबांनी मला मिठी मारली, मग ओशाळून सॉरी म्हणाले, मग परत मारली. तुझी नात माझ्याकडे असं बघत होती जसं मी कधी तुझ्याकडे बघितलं असेन. "हाऊ डिड यू नो?"

ट्रेनमध्ये परतताना तिने हळूच सांगितलं. आमच्या भागात मुलींची फ्लॅग फुटबॉलची टीम आहे. त्यात धडका नसतात; कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लटकवतात, फीत ओढली की पळणारीचा डाव तिथेच थांबतो. निवड चाचणी होती आणि तिला जायचं नव्हतं. "आय एम टू स्लो. मी सगळ्यात छोटा आहे." मी तिला तुझी कंबर सांगितली. म्हणजे लाडवाची गोष्ट सांगितली. डोळ्यांकडे बघू नकोस, हातांकडे बघू नकोस. त्यानंतर आठवडाभर मी परसबागेत पट्टा बांधून पळत होते आणि ती माझ्या फिती ओढत होती. शेजारीण कुंपणावरून बघायची.

चाचणीच्या दिवशी बारीक पाऊस होता. मी कडेला, छत्री उलटी होतेय. पहिल्या दोघी तिला चकवून गेल्या. तिसरी सगळ्यात वेगवान होती. खांदे उजवीकडे टाकले, डोळे उजवीकडे, बाकीच्या सगळ्या उजवीकडे धावल्या. माझी पोरगी जागेवरच थांबली, एक श्वासभर, आणि डावीकडे झेपावली. चिखलात घसरत गेली, पण उठली तेव्हा मुठीत फीत होती. कोच बाई मोठ्याने म्हणाल्या, "हू टॉट यू दॅट?" ती चिखल पुसत म्हणाली, "माय आजी."

घेतलं तिला टीममध्ये. गाडीत हीटर लावून परत येताना तिचं तोंड थांबेना. मग तिने विचारलं, "आजी कसा खेळायची? रिअल मॅचमध्ये? तू बघितलंय ना?" मी म्हटलं, बघितलंय तर. आणि मी तिला विद्यापीठाची फायनल सांगितली. तुझ्या बाजूला तू एकटीच उरली होतीस, समोरची चढाईला आली, तू कोपऱ्यात टाच उचलून उभी होतीस, आणि तू तिला एकटीने धरून ठेवलंस, तिचा श्वास सुटेपर्यंत. सिग्नल हिरवा झाला तरी मी सांगतच होते, मागच्याने हॉर्न दिला. दुसऱ्या दिवशी तिने ते सगळं टीमला सांगितलं. आता तिथल्या मुली कबड्डीची पकड शिकायची म्हणताहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. लग्नानंतर तुझं खेळणं सुटलं; तुला मॅच खेळताना मी एकदाही पाहिलेलं नाही. ती फायनल मी गाडी चालवता चालवता रचली. तुझी टीम जिंकली, असं सांगितलंय. टीमचा रंग पिवळा सांगितलाय. खरा कोणता होता, ते तुला विचारायचं राहून गेलं.