आधी बोट, मग इस्पितळ

४ फेब्रुवारी, फोर्ट लॉडरडेल

बोट म्हणे! अख्खं शहर उचलून पाण्यात सोडलंय. इंडियानातल्या आमच्या गावात नसतील एवढी माणसं इथं नुसती लिफ्टपाशी उभी होती.

डोरीन खूश. डोक्याला पिवळा रुमाल, पायात नव्या सपाता. तपासणीच्या बाईला म्हणाली, "लग्नानंतरची आमची पहिलीच बोट. शेवटचीही हीच, तेव्हा नीट तपासा हं!" ती बाई हसली. तिला काय कळणार! मी खाली बघत राहिलो.

घरी गुडघाभर बर्फ. रोन्डाचा फोन आला. मुलीचं आपलं तेच — "पप्पा, परत आल्यावर मम्मी नक्की जाणार ना इस्पितळात?" जाणार. शब्द दिलाय तिनं. कॅन्सर यकृतात पसरलाय, आधीच्या औषधांनी काही झालं नाही, डॉक्टर आता नवीन काहीतरी देऊन बघू म्हणतात. डोरीननं अट घातली — आधी बोट, मग तुझं इस्पितळ. "तुझं" म्हणाली. जसं काही मीच बांधलंय.

५ फेब्रुवारी

नुसतं पाणी. आमच्याकडच्या शेतांसारखं सपाट, पण काही उगवायचं नाही असं.

सकाळी तिनं अर्धं अंडं खाल्लं आणि ओकली. तोंड धुतलं आणि म्हणाली, "चल, वर नाच शिकवतायत." गेलो. मी खुर्चीवर. ती दोन गाणी नाचली, मग कठडा धरून उभी राहिली. मला वाटावं ती समुद्र बघतेय, म्हणून पाठ करून. मला कळतं ना!

जेवायला आमच्या टेबलावर जॉर्जियाचं जोडपं — क्लेटन आणि मॅव्हिस. दरवर्षी बोटीवर येतात. क्लेटन श्वास न घेता बोलतो. "गड्या, सुट्टीवर आलायस आणि तोंड असं एरंडेल प्याल्यासारखं?"

"लग्नाच्या फोटोतही असंच आहे ते," डोरीन म्हणाली.

सगळे हसले. मीही. तिच्या ताटातला मासा तसाच होता.

६ फेब्रुवारी

दिवसभर झोपून होती. काही लिहावंसं वाटत नाही.

७ फेब्रुवारी

आज बरी. मॅव्हिसला खोलीत बोलावून तिचे केस बसवून दिले. गावातल्या प्रत्येक बाईचं डोकं डोरीनच्या हाताखालून गेलंय. मेलेल्यांचंसुद्धा — शवपेटीचं झाकण लावायच्या आधी घरचे हिलाच बोलवायचे.

मी बाल्कनीत होतो. दार उघडं होतं. मॅव्हिसला म्हणत होती, "शेवटपर्यंत औषधं घेतलेल्या बायका मला हाताला कळायच्या. कातडी कशी, भिजून वाळलेल्या कागदासारखी. आणि घरचे बाहेर सांगत असायचे, शेवटच्या श्वासापर्यंत लढली हो! मी आपली केसांचा टोप नीट बसवायचे आणि गप्प राहायचे."

मी आत गेलो नाही. पाणीच बघत बसलो.

८ फेब्रुवारी, सेंट लुशिया

किनाऱ्यावर गेलो. ती समुद्रात उतरली! जन्मात पहिल्यांदा. मी दोन्ही हात धरून उभा. वजन म्हणून नाही तिला. पाण्यात कुणालाच नसतं म्हणा.

"सोड ना!"

"बुडशील."

"अरे, कमरेएवढं पाणी आहे! बदकं इथं पिल्लांना चालायला शिकवतात!"

सोडलं नाही. ती चिडली, मग हसली, मग दमली. टॅक्सीत माझ्या खांद्यावर झोपली. रस्ताभर तिचा श्वास ऐकत होतो. आत जरा घरघरतं. आधी नव्हतं.

९ फेब्रुवारी, बार्बाडोस

उतरलो नाही. भांडलो.

इस्पितळातून निरोप आला — पुढच्या आठवड्यात खाट मिळतेय. मी तिला सांगितलं. ती नखं रंगवत होती, मान वर न करता म्हणाली, "मी नाही जायची."

"शब्द दिलायस!"

"दिला. नाहीतर तू बोटीवर आणलं असतंस?"

मी म्हणालो, हा दगा आहे. रोन्डाला काय सांगू? मी नुसता बघत बसू?

"हो! बस! बघ! कधीपासून माझ्याकडे बघितलंच नाहीयेस तू. तुला एक्स-रे दिसतो, हार्लन. मी दिसतच नाही."

मी दार आपटून गेलो. कुठं जाणार? बोटीवर जाऊन जाऊन कुठं जाणार! वरच्या मजल्यावर सगळे गात होते. एका बाईनं माझ्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली. मी ती काढलीसुद्धा नाही.

१० फेब्रुवारी, ग्रेनाडा

सकाळी माझ्याशी न बोलता क्लेटन-मॅव्हिसबरोबर उतरली. "येतोस?" एवढंही नाही. बाल्कनीतून दिसत होती. पिवळा रुमाल धक्क्यावरून गेला, बाजाराच्या गर्दीत शिरला, दिसेनासा झाला.

खोलीत मी एकटा. तिची अर्धी संपलेली लिपस्टिक आरशापाशी. हे असंच राहणार आता. घरी स्वयंपाकघर, तिची सलूनची खुर्ची, आणि मी. नवीन औषध दिलं तरी असंच, नाही दिलं तरी असंच. हे मला कळत नाही असं तिला वाटतं. मला तर डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच कळलं होतं. पण काहीतरी केलं पाहिजे ना! हात बांधून कसं बसायचं?

त्याच दिवशी, दुपार

मॅव्हिस एकटी आली. डोळ्यांतलं काजळ गालांवर.

"हार्लन, ती येत नाहीये."

आधी वाटलं, गेली. मॅव्हिस म्हणाली, नाही नाही, ठणठणीत आहे! बाजारामागं आयन्थीबाई म्हणून जायफळं विकणाऱ्या कुणी आहेत, त्यांच्या घरी तिघं जेवायला थांबले होते. नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस — डोरीननं ताट चाटूनपुसून खाल्लं! मग त्यांची वरची भाड्यानं द्यायची खोली बघितली, खिडकीशी बसली, आणि उठेचना. क्लेटन तिथंच बसून राहिलाय.

"निरोप दिलाय तिनं. म्हणाली, त्याला सांग, यायचं तर ये. पण इस्पितळ बरोबर आणू नकोस."

मी मॅव्हिसवर ओरडलो. वेडी झालीय ती, उचलून आणा! मॅव्हिस म्हणाली, "मी कोण रे उचलून आणणार? नवरा तू आहेस."

रोन्डाला फोन लावतोय, लागत नाही. दुखणं वाढलं की इथं काय करू? कुणाला हाक मारू? वर भोंग्यातून सांगतायत, सगळ्यांनी बोटीवर परत या. मी जागचा हललो नाही तर येईल ती. मला सोडून राहायची नाही.

राहील. राहील ती.

११ फेब्रुवारी, सेंट जॉर्जेस, ग्रेनाडा

बोट काल गेली. औषधांची पिशवी घेऊन उतरलो, माझे बूट बोटीवरच राहिले.

रोन्डा फोनवर रडली, मग ओरडली, मग ठेवला.

आयन्थीबाईंनी विचारलं, "खोली कधीपर्यंत हवी?" मी म्हणालो, "ती आहे तोवर."

त्या दुसरी उशी आणायला गेल्या.